घरात सभासद साखरेचं पोतं असताना साखर कमी कशी करायची

आधीच सांगून टाकतो, मी बाई आहे. कोल्हापूरची आहे म्हणून "मी करतो, मी जातो" असंच लिहिणार, वाचताना गोंधळू नका.

तर विषय साखरेचा. आमच्यात ऊस आहे, सासऱ्यांच्या नावावर कारखान्याचा शेअर आहे, आणि शेअर आहे म्हटल्यावर सवलतीच्या दरात सभासद साखर येते. ज्यांचा ऊस कारखान्याला जातोय त्यांना हे वेगळं सांगायला नको. ही साखर घरात आली की मागच्या खोलीतल्या पिंपात ओतायची आणि लागेल तशी काढायची, त्यामुळं किराणाच्या यादीत साखर हा शब्दच नाही, आणि जे विकत आणायला लागत नाही ते किती संपतंय हे कोण बघतंय? तेलाचा डबा लवकर संपला तर घरात चौकशी बसते. साखरेची कधी बसली नाही.

गेल्या वर्षी शिरोली एमआयडीसीत नवऱ्याच्या कंपनीत चेकअप झालं आणि एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची टेस्ट) 6.1 आलं. 5.7 ते 6.4 म्हणजे शुगरच्या उंबऱ्यावर उभं, 6.5 ला आत. ही टेस्ट साधारण मागच्या तीन महिन्यांचा हिशोब सांगते, म्हणजे चेकअपच्या आदल्या दिवशी उपास धरून काही लपत नाही. डॉक्टर म्हणाले आत्ता गोळी नको, खाणं बदला, वजन उतरवा, मग परत बघू. नवरा म्हणतोय "मी गोड खातच नाही". आणि खरंच खात नाही हो, लग्नात गुलाबजाम वाढायला आले तर ताटावर हात आडवा धरणारा माणूस. मग साखर जात होती कुठं?

म्हणून माझं पहिलं सांगणं, काही बंद करायच्या आधी एक महिना नुसतं मोजा. मी 1 तारखेला मोठ्या बरणीत 7 किलो साखर वजन करून भरली आणि पिंपाला झाकण लावून वर जातं ठेवलं (जातं उचलायचं म्हटलं की निम्मे लोक परत फिरतात). महिना संपायला आणि बरणीचा तळ दिसायला एकच गाठ पडली. घरात आम्ही सहा माणसं, 7000 ग्रॅम भागिले 6 भागिले 30, माणशी रोज 39 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये सांगितलंय की वरनं घातलेली साखर, मध, ज्यूस असलं सगळं धरून दिवसाच्या कॅलरीतला 10 टक्क्यांपेक्षा कमी वाटा असावा, आणि 5 टक्क्यांच्या आत आला तर अजून बरं. 2000 कॅलरी खाणाऱ्याला ते 50 आणि 25 ग्रॅम पडतात. 25 म्हणजे सपाट पाच-सहा छोटे चमचे. नवरा खूश, 39 म्हणजे पास झालो की. म्हटलं थांब, ही नुसती घरातली, तुझा कंपनीतला चहा कुठाय ह्यात?

कंपनीत चहा चारदा. एका कपात 8 ग्रॅम धरली तरी 32. म्हणजे गोड न खाणारा माणूस रोज 70 ग्रॅम साखर पीत होता. खात नव्हता, पीत होता! सगळी गोम हितं आहे. आपण गोड म्हटलं की लाडू, जिलेबी, बासुंदी मोजतो, आणि ते काय रोज होतंय होय. रोज होतोय तो चहा. म्हणून सुरुवात तिथनंच करा, मिठाईच्या मागं लागू नका.

चहाची पद्धत सांगतो. एकदम बिनसाखरेचा चहा सुरू करणारी माणसं मी बघितल्यात, आठ दिवसांत परत पहिल्यासारखी. आमच्यात सहा कपांच्या पातेल्याला शीग लावून सहा चमचे पडायचे. मी वजन केलं, शिगेचा एक चमचा सात-आठ ग्रॅम भरला, सपाट केला तर पाचच्या आत. म्हणजे पहिल्या आठवड्यात चमचे सहाच ठेवून नुसती शीग पाडली तरी तिसरा हिस्सा गेला आणि कुणाला पत्ता नाही. मग दर आठवड्याला अर्धा चमचा कमी. घरात सांगितलं नाही, सांगितलं की लोकांना लगेच कमी गोड लागायला लागतंय. पाचव्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "पावडर बदललीस काय गं? चांगली आहे ही." मी म्हटलं हो आई, बदललीय. आता दोन चमच्यांवर आलोय आणि तिथंच थांबलोय. अजून एक, चहा काळाकुट्ट होईपर्यंत उकळला की कडवट होतो आणि जास्त साखर मागतो, त्यामुळं पावडर घातली की दोन उकळ्या आणि बंद. गवती चहा, आलं, वेलदोडा घाला, वासानंच निम्मं भागतं.

बाहेरचा चहा मात्र अवघड, कारण गाड्यावर साखर पातेल्यातच पडलेली असते. बिनसाखरेचा सांगितला की चहावाला चार लोकांत मोठ्यानं विचारणार, "शुगर हाय काय?" नवरा त्यालाच लाजायचा. शेवटी चारचे दोन केले आणि उरलेल्या दोन वेळेला घरनं नेलेलं ताक. फौंड्रीच्या उकाड्यात ते बरंच पडतंय म्हणतो. गोड गोळ्या घालून चहा प्यायचा पण विचार झाला होता, पण वजन उतरवण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नका असं त्याच संघटनेनं 2023 मध्ये सांगितलंय. ज्यांना आधीच डायबेटिस आहे त्यांनी आपल्या डॉक्टरला विचारावं, पण बाकीच्यांच्या जिभेला गोडाची चटक तशीच राहते, मग उपयोग काय.

आता गूळ. इथं मी मार खाणार आहे. 2014 ला जीआय (म्हणजे ह्याच भागाचा म्हणून सरकारी शिक्का) मिळालेला कोल्हापुरी गूळ, गुऱ्हाळावर काहिलीतनं येणारा तो वास, मळी काढायला घातलेली भेंडी, गरम काकवी बोटानं चाटत वाढलोय आम्ही, त्यामुळं "गुळानं काय होत नाही" हे सासऱ्यांचं वाक्य घरात कायद्यासारखं होतं. आणि सासऱ्यांना स्वतःला शुगरची गोळी चालू! 100 ग्रॅम साखरेत 400 च्या आसपास कॅलरी, गुळात 380 च्या आसपास. रक्तात गेल्यावर दोन्हीचं काम जवळपास एकच, कारण गूळ म्हणजे सुद्धा बहुतेक सगळी उसाची साखरच. लोह असतं, खरंय, पण चमचाभर गुळातनं असं किती मिळणार, आणि लोहासाठी खडेच्या खडे खायला लागलो तर बाकीचं काय होतंय ते सांगायला नको. वर चहात गूळ कमी गोड लागतो म्हणून हात सैल सुटतो. शहरात ठिकठिकाणी गुळाच्या चहाच्या पाट्या लागल्यात, लोक तिथं दोन कप पितात, पथ्याचा म्हणून. प्या की, पण हिशोबात धरा. मध, काकवी, खजुराचं सिरप, सगळं एकाच वहीत लिहायचं. आम्ही गूळ सोडला नाही, आमटीत आणि सणाच्या पुरणात ठेवला, चहातनं काढला.

उसाचा रस पण तसाच. एका मोठ्या ग्लासात 30 ग्रॅमच्या आसपास साखर जाते आणि दोन मिनिटांत ग्लास रिकामा. त्यापेक्षा रानात गेलात तर कांडं सोलून दातानं खा, दोन पेरं खाईपर्यंत जबडा दुखतो आणि माणूस आपोआप थांबतो. फळाचं हेच, संत्रं खायचं, पिळायचं नाही. अख्ख्या फळातली आणि साध्या दुधातली साखर त्या 25 ग्रॅममध्ये धरत नाहीत, त्यामुळं पेरू, पपई, केळ्याला घाबरू नका (डायबेटिस असेल तर किती खायचं ते विचारून).

नाष्ट्याला आमच्यात पोरं चहात बुडवून बिस्किटं, नाहीतर ब्रेड-जाम. हे बंद करताना घरात रडारड झाली, खोटं कशाला बोलू. नुसतं "खाऊ नका" म्हणून चालत नाही, त्या जागी चवीचं काहीतरी लागतं, आणि ते आपल्याकडं आधीपासनं आहेच की. आंबोळी आणि मुगाची उसळ, थालीपीठ, शिळ्या भाकरीचा काला ताक घालून वर कांदा-लसणाची चटणी. थंडीत हुलग्याचं माडगं, फक्त त्यात गूळ न घालता मीठ-जिरं-लसूण. सकाळी डाळ, उसळ, अंडं असलं काहीतरी पोटात गेलं की अकरा वाजता डबा धुंडाळायची वेळ येत नाही, हा फरक आठ दिवसांत दिसला. मिसळीबद्दल कुणी काही म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. मटकी आहे, कट आहे, त्यात साखरेचा काय संबंध? ब्रेडच्या स्लाइस चारच्या दोन करा, फरसाण थोडं हात राखून, आणि कट परत मागताना तेलाची तर्री मागू नका. झालं. तांबडा-पांढऱ्यालाही माझ्याकडनं माफी आहे. घात होतो तो नंतर, "तिखट झालं" म्हणून कोल्ड्रिंक आणि राजारामपुरीत जाऊन कॉकटेल आईस्क्रीम. कोल्ड्रिंकच्या 300 मिलीत 30 ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे दिवसाचा कोटा एका बाटलीत संपला. सोलकढी घ्या, ताक घ्या.

पुड्यावरचं वाचायला शिका, पोरांना शिकवा, त्यांना हेरगिरीसारखं वाटतं. समोर मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते सोडून द्या, मागं बघा. घटक ज्या क्रमानं लिहिलेत तो वजनाचा उतरता क्रम असतो, साखर पहिल्या तीनात असेल तर ते गोड आहे, मग नाव काही असो. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज ही साखरेचीच पाळण्यातली नावं. मग तक्त्यात अॅडेड शुगर हा आकडा 100 ग्रॅमला किती ते बघा. दुधात घालायच्या पावडरींचा हा आकडा बघून मी खालीच बसलो. 2024 मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विकणाऱ्यांना असल्या पावडरी हेल्थ ड्रिंक म्हणून दाखवू नका असं सांगितलं होतं, तरी आमच्या गल्लीत अजून पोरगं उंच व्हावं म्हणून दोन-दोन चमचे चालूच आहेत. केचप पण बघा, मोठा चमचाभर केचपमध्ये जवळजवळ छोटा चमचाभर साखर.

दुपारी चारला जी तलफ येते ती पहिले दोन आठवडे लई त्रास देते. डोकं जड होतं, चिडचिड होते, नवऱ्याशी माझी दोनदा भांडणं झाली ती साखरेवरनंच असं मी धरतो. त्या वेळेला मूठभर फुटाणे, भाजक्या शेंगा, काकडी, पेरू समोर काढून ठेवा, डब्यात नको, समोर. भडंग चालतं, पण घरचं. बाहेरच्यात पिठीसाखर घालणारे महाभाग आहेत. आणि रात्री जेवून दहा-पंधरा मिनिटं चाला, जेवणानंतर चढणारी शुगर त्यानं कमी चढते. आम्ही रंकाळ्यावर जातो. फक्त घरनं निघताना खिशात पैसे घेऊ नका, नाहीतर चौपाटीवर भेळ आणि कुल्फी खाऊनच माघारी येताय.

सणाला आमच्यात पथ्य नाही. बेंदराला, होळीला पुरणपोळी होणार, तूप-दुधाबरोबर पोटभर खायची, कटाची आमटी भुरकायची. बदल एकच केला, पोळ्या मोजून करायच्या. पूर्वी चाळीस लाटायच्या आणि पुढं तीन दिवस चहाबरोबर पोळी चालायची, सण एक दिवसाचा आणि गोड चार दिवस. कुणाकडनं पेढ्याचा बॉक्स आला की एकेक घेऊन बाकीचा त्याच दिवशी शेजारी. फ्रीजमध्ये ठेवलेला पेढा रात्री अकराला हाक मारतो.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी खाणं एकदम कमी करायचं नाही, आधी डॉक्टरला सांगायचं, डोस बदलायला लागू शकतो. आमच्या सासऱ्यांनी आमचं बघून न सांगताच रात्रीची भाकरी सोडली आणि पहाटे दरदरून घाम, हात थरथर. असं झालं तर शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच तीन चमचे साखर पाण्यात कालवून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, तरी कमीच असेल तर परत द्यायची आणि बरं वाटल्यावर काहीतरी खायला घालायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना. त्या पहाटे पिंपावरचं जातं मीच उचललं.

सहा महिन्यांनी नवऱ्याचं 5.8 आलं, वजन चार किलो उतरलं. बरणीत आता महिन्याला साडेतीन किलो जाते, म्हणजे माणशी 19 ग्रॅमच्या आसपास. धाकट्याची बिस्किटं अजून पूर्ण सुटली नाहीत, आजी गुपचूप देते, मला माहिती आहे आणि तिला माहिती आहे की मला माहिती आहे.

दिवाळीला परत पोतं आलं. पिंपात आधीचीच साखर शिल्लक, मुंग्या लागलेल्या, ठेवायची कुठं? नणंदेचा फोन आला, वहिनी तुमच्यात साखर पडूनच असेल तर निम्मी मला द्या की. दिली. हे लिहिलेलं पण तिला पाठवणार आहे, पण आधी तिची ती साखर संपू दे.