गल्फची ऑफर आली की सही करण्याआधी

यूएईतल्या (संयुक्त अरब अमिरातीतल्या) शारजात एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत मी पगारपत्रकं तयार करायचे. त्यात पद आणि राष्ट्रीयत्व हे दोन रकाने शेजारीशेजारी असत. पद एकच, सेफ्टी ऑफिसर. अनुभवही जवळपास सारखा. पण ब्रिटिश, लेबनीज, फिलिपिनो, भारतीय, नेपाळी असा पगाराचा आकडा उतरत जायचा. आता चिपळूण-मंडणगडची मुलं फोन करतात, "ताई, ऑफर आलीय, सही करू का?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहितेय.

आधी दिरहमाला, म्हणजे यूएईच्या चलनाला, रुपयाने गुणणं थांबवा. मालकही तेच गुणत असतो. कामाची किंमत किती, हे तो बघत नाही. हा माणूस कमीत कमी कितीला तयार होईल, एवढंच बघतो. दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे. रुपया घसरला की तोच पगार गावी मोठा दिसतो, माणसं खुशीने येतात आणि मालकाला पगार वाढवायची गरजच उरत नाही. त्यामुळे भाव काढायचा तो तिथल्या भाड्याचा, जेवणाचा आणि त्याच पदावर दुसऱ्यांना काय मिळतं त्याचा.

राष्ट्रीयत्वाप्रमाणे पगार बदलतो त्याचं दुसरं कारण, तुमच्या पाठीशी कोण उभं आहे. फिलिपिन्सने 2006 मध्ये ठरवलं की आपली घरकामगार महिन्याला 400 डॉलरच्या खाली परदेशी जाणार नाही. आकडा सगळीकडे पाळला गेला नाही, पण बोलणी तिथून सुरू होऊ लागली. आपल्याकडेही ईसीआर पासपोर्टवर (दहावी न झालेल्यांचा, परदेशी कामासाठी सरकारी परवानगी लागणारा पासपोर्ट) जाणाऱ्यांसाठी केंद्र सरकार किमान वेतनाचे आकडे ठरवतं. कोविडच्या काळात, सप्टेंबर 2020 मध्ये, आखाती देशांसाठीचे हे आकडे खाली आणले. नोकऱ्या टिकाव्यात हा हेतू सांगितला गेला. तेलंगणातून लोक कोर्टात गेले आणि जुलै 2021 मध्ये जुने आकडे परत आले. आकडे खाली आणण्याचा निर्णय मला फार लागला होता. आपली माणसं स्वस्त आहेत हे आपणच कागदावर लिहून दिलं.

कतारने मार्च 2021 पासून सगळ्या देशांच्या कामगारांना एकच किमान वेतन लावलं: महिन्याला 1000 रियाल, आणि राहणं-जेवण कंपनी देत नसेल तर वर 500 आणि 300. तळाच्या माणसाला त्याचा आधार झाला. पण फोरमन, इंजिनिअर, अकाउंटंट यांच्या पगारातली दरी त्याने बुजत नाही. यूएईत तर परदेशी कामगारांसाठी असं सरसकट किमान वेतनच नाही. युरोपातून पाठवलेल्या माणसाचं पॅकेज बहुतेकदा हेड ऑफिसात ठरतं आणि त्यात घर, मुलांची शाळा, वर्षाची तिकिटं येतात. तुमचं ठरतं मुंबईत, एजंटच्या टेबलावर.

म्हणून मुलाखतीत "सध्या किती मिळतात?" असं विचारलं की आकडा सांगू नका. "या पदासाठी तुमची रेंज काय आहे?" असं शांतपणे विचारा. फिलिपिनो सहकाऱ्याला जास्त मिळतात, हा मुद्दा तिथे काढू नका, त्याने काही हलत नाही. नेबोशचं (कामावरच्या सुरक्षिततेच्या कोर्सचं) सर्टिफिकेट, गल्फचा अनुभव, तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर ते पुढे करा. आणि तुमच्यापेक्षा कमी पगारावर आलेल्या नेपाळी मुलाचा राग धरू नका. भाव त्याने पाडलेला नसतो.

मग बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, बघा. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. समजा एकूण 4000 दिरहम आहेत. बेसिक 1600 असेल तर पाच वर्षांनंतर ग्रॅच्युइटी 5600 बसते. तेच बेसिक 2400 असेल तर 8400. यूएईत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे 21 दिवसांचं बेसिक धरतात. ओव्हरटाइमही बेसिकवरच मोजतात. एकूण आकडा वाढवायला कंपनी तयार नसेल तर बेसिक वाढवून मागा. तिथे पुष्कळदा मान्य होतं.

एजंटला भारतीय नियमांप्रमाणे 30,000 रुपये आणि जीएसटी, एवढंच घेता येतं. त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा आणि पावती घ्या. व्याजाने लाख-दीड लाख काढून गेलेला माणूस तिथे पगाराबद्दल तोंड उघडू शकत नाही. कर्जाचा हप्ता त्याला गप्प बसवतो, आणि मालकाला हे नीट माहीत असतं.

यूएईसाठी मजूर मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर मागा. ते हिंदीतही मिळतं. एजंटच्या लेटरहेडवरचा कागद खरा धरू नका. मंत्रालयाच्या ऑफर लेटरचा फोटो घरी पाठवून ठेवा. पोहोचल्यावर समोर आलेल्या करारात आकडा कमी दिसला तर सही न करता दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राला फोन करा. तिथली मदत मोफत आहे.