घरी बांधलेल्या विमानाचं पहिलं उड्डाण: या चुका टाळा

सगळ्यात महागडी चूक मुहूर्ताची. पाडव्याला उडवायचं ठरतं, पन्नास जणांना निरोप जातात, पेढे सांगून होतात. मग वारा आडवा असला तरी 'आता सगळे आलेत' म्हणून माणूस आत चढून बसतो. बोलवायचे दोघे-तिघेच: एक रेडिओवर, एक अग्निशामक घेऊन. पेढे उतरल्यावर.

शिवाय पाडवा म्हणजे ऊन. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचा तळ, त्यामुळे बारामतीसारखी धावपट्टी शोधावी लागते. तीही समुद्रसपाटीपासून जवळपास दोन हजार फुटांवर. दुपारी ४० अंशांना तिथली हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. इंजिनाचा जोर घटतो, धाव लांबते. किटच्या (विमानाच्या सुट्या भागांच्या संचाच्या) पुस्तकातले आकडे बहुधा समुद्रसपाटीचे असतात, हे विसरू नका आणि पहाटेच उडवा.

आता जोडणी. भोसरीच्या शेडमधून विमान ट्रेलरवर जातं ते पंख काढून, आणि धावपट्टीवर ते घाईत पुन्हा बसवले जातात. माझ्या मित्राच्या विमानात एलेरॉनच्या (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेच्या झडपांच्या) तारा उलट जोडल्या गेल्या. आम्ही दोघांनी तपासलं, दोघांनाही 'हलतंय' एवढंच दिसलं. कुठल्या बाजूला हलतंय, ते बघितलंच नाही. ग्लायडर उडवणाऱ्या एका काकांनी पकडलं. स्टिक डावीकडे नेली की डावं एलेरॉन वर गेलं पाहिजे. बांधणाऱ्याचा डोळा सरावलेला असतो, म्हणून ज्यानं एक रिव्हेटही मारलेला नाही त्याच्याकडून तपासून घ्या.

इंजिन जमिनीवर छान चालतं आणि चढताना खोकतं? ही तक्रार जमिनीवरच पकडता येते. टाकीत थोडंच पेट्रोल ठेवा, नाक चढाईच्या कोनात उचला, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडवून बादलीत धार मोजा. टाकी वर असून पेट्रोल आपोआप उतरत असेल तर पूर्ण जोरावरच्या खपाच्या दीडपट, पंप असेल तर सव्वापट धार हवी. ताशी २४ लिटर पिणाऱ्या इंजिनाला पहिल्या प्रकारात दहा मिनिटांत ६ लिटर. कमी भरलं तर फिल्टरमध्ये फायबरची भुकटी बघा, टाकीचं हवेचं भोक बघा.

टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरच चालवून बघताना, 'जरा उचलून बघू' हा मोह नको. उडायची तयारी नसताना चाकं सुटली की पुढची धावपट्टी फार आखूड वाटते.

वर गेल्यावर, इंजिन बंद पडलं तरी धावपट्टी तरंगत गाठता येईल इतक्यातच राहा. उंचीवर हळूहळू वेग कमी करून स्टॉल (वेग कमी पडून पंखांची उचल सुटणं) वेगाच्या काट्यावर कुठल्या आकड्याला येतो ते लिहा. काटा खोटं सांगत असला तरी उतरताना त्याच आकड्याची १.३ पट धरा. ४२ नॉट आला तर ५५. दार उघडलं तर उघडं राहू द्या, विमान उडवत राहा. उड्डाण करताच इंजिन बंद पडलं तर मागे वळू नका, समोरच उतरा.

उतरल्यावर फोन नंतर. आधी काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढून तेलाचे ओघळ बघा.