दारू कमी केली, तरी मैदानावर फरक दिसत नाही? या चुका टाळा

सावंतवाडी-वेंगुर्ले पट्ट्यातील हौशी फुटबॉल खेळाडूंचा सराव मी बरीच वर्षे घेत आलो आहे. पिणे कमी करून खेळ सुधारायचा, असे ठरवून आलेली मुले दर हंगामात भेटतात आणि त्यांपैकी बहुतेक जण त्याच त्या चुकांपाशी अडतात. त्यांचा निश्चय खोटा नसतो, परंतु ते किती दिवस प्यायलो नाही एवढेच मोजतात आणि किती प्यायलो, केव्हा प्यायलो याकडे दुर्लक्ष करतात.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे आठवडाभर आवरलेले सारे शनिवारी रात्री भरून काढणे. आठ टक्के मद्यार्क असलेल्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, आणि यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकालात काढू शकते. म्हणजे रात्री नऊला बसून दोन बाटल्या घेणाऱ्याच्या रक्तातून ती पूर्णपणे जायला पहाटेचे पाच ते सकाळचे नऊ वाजतात, आणि आमच्याकडे उन्हाच्या दिवसांत रविवारचा सामना बहुधा आठ-साडेआठलाच सुरू होतो. काळी कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही यकृताचा वेग वाढत नाही. तरीही दर वर्षी कोणीतरी नवा उपाय घेऊन येतोच, आणि तो ऐकून घेण्याची माझी तयारी आता उरलेली नाही.

काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये, हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या रसाच्या पहिल्या धारेच्या दारूच्या, ऐन हंगामात, आमचा एका स्पर्धेचा उपांत्य सामना होता. आमच्या उजव्या बाजूच्या बचावपटूने महिनाभर खरोखरच दारूला हात लावला नव्हता. आदल्या रात्री मात्र मित्राच्या काजूच्या बागेत, हुर्राक फेणीपेक्षा हलकी म्हणून, तो मध्यरात्रीपर्यंत बसला. पूर्वार्धात तो बरा खेळला. उत्तरार्धात समोरचा विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा खेळाडू, त्याला एकाच पद्धतीने तीनदा चुकवून गेला, कारण वळताना त्याचे पाऊल दर वेळी किंचित उशिरा पडत होते. त्यानंतर त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्याच बाजूने आमच्यावर दोन गोल झाले. सामन्यानंतर त्याने रडवेल्या आवाजात विचारले, “सर, म्हयनोभर हात लावलंय नाय, मगे पाय कशाक धरले?”

पोटरीतल्या गोळ्याचे एकच कारण सांगता येत नाही. तथापि, अल्कोहोल शरीरातील पाणी राखणाऱ्या व्हासोप्रेसिन या संप्रेरकाला दाबते आणि लघवीवाटे जास्त पाणी निघून जाते, हे निश्चित आहे. त्यात आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहत राहतो. शिवाय पिऊन लागलेली झोप उत्तररात्री वारंवार मोडते, त्यामुळे सकाळी निर्णय आणि पाय दोन्ही मंदावतात. तेव्हापासून माझ्या संघात रविवारच्या सामन्यासाठी गुरुवार रात्रीनंतर कोणीही पीत नाही, आणि सामन्याच्या दिवशी उठल्यावर लघवीचा रंग गडद दिसला तर मीठ घातलेले कोकम सरबत घेतल्याशिवाय बूट बांधायचे नाहीत.

दुसरी चूक सामना संपल्यावर घडते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, व्यायामानंतर भरपूर मद्य घेतलेल्यांच्या स्नायूंमधील प्रथिननिर्मिती, सोबत प्रथिने घेऊनही सुमारे २४ टक्के कमी आढळली. मद्यासोबत केवळ कर्बोदके घेतली तेव्हा ही घट ३७ टक्के होती. म्हणून मी मैदानावरच उकड्या तांदळाची पेज आणि उकडलेली अंडी ठेवतो; पोट भरलेला मुलगा घरी जातो, रिकाम्या पोटाचा मुलगा बसायला जातो, असा माझा अनुभव आहे. घोटा मुरगळला असेल तर पहिले दोन-तीन दिवस दारू पूर्ण वर्ज्य, कारण तिने सूज वाढू शकते. वेदनाशामक गोळी आणि दारू एकत्र कधीही नकोत.

उतावळेपणाबद्दल मला विशेष खंत वाटते. दहा दिवस झाले की मुले म्हणतात, “काहीच फरक नाही.” नियमित पिणाऱ्याची झोप सुरुवातीला उलट बिघडते आणि ती स्थिर व्हायला काही आठवडे जातात. दम तर सरावानेच वाढतो. दारू सुटल्याने तो सराव अंगी लागू शकतो, एवढेच. इंग्लंडमधील आर्सेनल क्लबचा तेव्हाचा कर्णधार टोनी अ‍ॅडम्स याने १९९६ च्या सप्टेंबरमध्ये आपले व्यसन जाहीरपणे कबूल केले, आणि त्याच्या नेतृत्वाखाली संघाने लीग व एफए कप हे दोन्ही जिंकले ते १९९८ मध्ये. मी दर मंगळवारी प्रत्येकाकडून तीस मीटरच्या सहा धावा करून घेतो आणि वेळ वहीत लिहितो. शेवटच्या दोन धावांची वेळ सुधारली की नाही, हे सहा आठवड्यांनीच पाहायचे.

आता सर्वांत गंभीर चूक. रोज भरपूर पिणाऱ्याने, स्पर्धा जवळ आली म्हणून, एकाएकी सगळे बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत हात थरथरणे, घाम सुटणे, इतकेच नव्हे तर झटके येणे शक्य असते आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत भ्रमाची अवस्था येऊ शकते. यात जीवही जाऊ शकतो. सकाळी पेला धरताना हात कापतो, असे ज्याने सांगितले, त्याला मी आधी डॉक्टरकडे पाठवतो आणि त्यांची परवानगी येईपर्यंत मैदानावर धावू देत नाही, मग संघात दहाच खेळाडू उरले तरी चालेल.