युरोपात विमानाच्या सर्टिफिकेशनमधे यायचंय? मग आधी एवढं माहिती असू द्या

मेकॅनिकल, एरो नाहीतर मटेरियल्स करून युरोपात एव्हिएशनमधे यायचं म्हणणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात डिझाइन किंवा सिम्युलेशन असतं. सर्टिफिकेशनचं नाव फारसं कोणी काढत नाही, काढलंच तर "ते पेपरवर्क ना" म्हणून सोडून देतात. मी हॅम्बुर्गमधे केबिन इंटिरिअरच्या सर्टिफिकेशनमधे काम करते आणि मला हे काम मनापासून आवडतं, म्हणून नवीन मंडळींसाठी जरा सविस्तर लिहितेय.

आधी कोण काय बघतं ते. ईएएसए ही युरोपियन युनियनची विमान सुरक्षा एजन्सी, 2002 च्या कायद्याने सुरू झालेली, मुख्य ऑफिस जर्मनीत कोलोनला. सध्याचा मूळ कायदा 2018/1139, त्याखालचा नियम 748/2012, आणि त्यातलाच पार्ट 21, ज्याचं नाव इथे रोज कानावर पडतं. मंजुरी कोणी, कशासाठी, कशी घ्यायची ते पार्ट 21 सांगतो, आणि विमान प्रत्यक्षात कसं असायला हवं ते सीएसमधे, म्हणजे सर्टिफिकेशन स्पेसिफिकेशन्समधे असतं, मोठ्या विमानांना सीएस-25, छोट्यांना सीएस-23, इंजिनाला सीएस-ई. डिझाइन करणाऱ्या कंपनीला डीओए ही मंजुरी लागते, बनवणाऱ्या कंपनीला पीओए. डीओए ईएएसए स्वतः देते, पीओए बहुतेक वेळा त्या त्या देशाचं विमान वाहतूक खातं देतं, जर्मनीत ते ब्राउनश्वाइगचं एलबीए. नवीन आलेला माणूस इथे हमखास गोंधळतो, त्यामुळे इंटरव्ह्यूला जाण्याआधी एवढं तरी पक्कं करा.

आता प्रत्यक्ष काम. विमान सुरक्षित आहे एवढं पुरत नाही, ते कलमागणिक सिद्ध करून दाखवावं लागतं. समजा एअरलाइनला जुन्या विमानात नवीन पार्टिशन बसवायचंय. हा बदल छोटा की मोठा ते आधी ठरतं, छोटा असेल तर डीओए असलेली कंपनी स्वतःच मंजूर करू शकते, मोठा असेल आणि विमानाचं मूळ डिझाइन दुसऱ्या कंपनीचं असेल तर एसटीसी, म्हणजे त्या बदलापुरतं वेगळं सर्टिफिकेट. मग सीएस-25 मधली कुठकुठली कलमं लागू होतात त्याची यादी करायची आणि प्रत्येकासमोर लिहायचं की हे कशाने दाखवणार, कॅल्क्युलेशनने, लॅब टेस्टने, विमानावर तपासून की फ्लाइट टेस्टने. याला मीन्स ऑफ कम्प्लायन्स म्हणतात, 0 ते 9 असे नंबर आहेत आणि ऑफिसात सगळे नंबरानेच बोलतात, "याला दोन चालेल का, की चार लागेल?"

चार म्हणजे लॅब टेस्ट. केबिनमधे सगळ्यात जास्त संबंध येतो तो सीएस-25 मधल्या 25.853 या कलमाचा, म्हणजे आगीचा. पार्टिशनच्या पॅनलची साधारण 3 बाय 12 इंचाची पट्टी कापायची, 21 अंश तापमान आणि 50 टक्के दमट हवेत 24 तास ठेवायची, मग उभी धरून खालच्या कडेला बर्नरची ज्योत 60 सेकंद लावायची, ज्योत कमीत कमी 843 अंशाची. ज्योत काढली की पट्टीवरची आग 15 सेकंदांत विझली पाहिजे, जळका भाग 152 मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, आणि ठिबकलेला थेंब 3 सेकंदांपेक्षा जास्त पेटता राहता कामा नये. अशा निदान तीन पट्ट्या आणि आकडे त्यांच्या सरासरीचे. मोठ्या पॅनलला याशिवाय हीट रिलीज (जळताना किती उष्णता बाहेर पडते) आणि धुराच्या टेस्ट वेगळ्या.

पण टेस्ट पास होणं हा अर्धाच भाग. पट्टी नक्की त्याच कोअरची (पॅनलचा मधला थर), त्याच प्रीप्रेगची (रेझिन भरलेलं फायबरचं कापड), त्याच गोंदाची आणि वर त्याच डेकोर फिल्मची आहे जी विमानात बसणार, हे टेस्टच्या आधी कागदावर सिद्ध असावं लागतं. आमच्या एका प्रोजेक्टमधे सप्लायरने मधेच गोंद बदलला आणि कळवलंच नाही, पट्ट्या छान पास झालेल्या पण त्या सगळ्या जुन्या गोंदाच्या, त्यामुळे टेस्ट पुन्हा आणि डिलिव्हरी लांबली. भांडण खूप झालं, पण नियम बरोबरच होता असं मला आजही वाटतं, कारण वेगळा गोंद वेगळा जळतो.

हे इतकं कडक कशासाठी ते समजलं की कलमं पाठ करावी लागत नाहीत. 11 जुलै 1973 ला रिओहून पॅरिसला येणाऱ्या व्हारिगच्या बोइंग 707 मधे मागच्या टॉयलेटला आग लागली, कोणीतरी कचऱ्याच्या डब्यात सिगारेट टाकली असावी असा अंदाज होता, आणि विमान ओर्लीच्या अलीकडे पाचेक किलोमीटरवर शेतात उतरवावं लागलं. 134 पैकी 123 माणसं गेली, बहुतेक धुराने. आज टॉयलेटमधल्या कचऱ्याच्या डब्याने आतली आग आतच ठेवली पाहिजे आणि ते टेस्ट करून दाखवलं पाहिजे असं सीएस-25 म्हणतं, प्रवासी विमानांत डब्याला आपोआप चालणारं एक्स्टिंग्विशर लागतं आणि टॉयलेटमधे स्मोक डिटेक्टर. आणि सिगारेटला बंदी असूनही टॉयलेटच्या दाराशी अॅशट्रे सक्तीचा आहे, कारण बंदी मोडणारा माणूस निघालाच तर थोटूक कागदांच्या डब्यात जायला नको. प्रत्येक कलम वाचताना हे कुठून आलं ते शोधायची सवय लावून घ्या.

हॅम्बुर्गला असाल तर इथली एक गोष्ट लोक अजून सांगतात, मार्च 2006 मधे ए380 ची इव्हॅक्युएशन टेस्ट इथेच झाली. अंधारात, निम्मे दरवाजे बंद ठेवून 853 प्रवासी आणि 20 क्रू 78 सेकंदांत बाहेर, मर्यादा 90 सेकंदांची.

सह्यांचंही नीट समजून घ्या. रिपोर्ट लिहिणारा एक आणि तो तपासून सही करणारा सीव्हीई, म्हणजे कम्प्लायन्स व्हेरिफिकेशन इंजिनिअर, दुसरा, एकच माणूस दोन्ही करू शकत नाही. सुरुवातीला तुम्ही लिहिणारे असणार, सीव्हीई व्हायला काही वर्षं जातात. चांगला सीव्हीई तुमचा रिपोर्ट लाल करून परत पाठवतो, "हे गृहीतक कुठून आलं?" असं दहा ठिकाणी विचारतो, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका, काम तिथेच शिकायला मिळतं. ईएएसए सगळं स्वतः बघत नाही, जिथे धोका जास्त किंवा काहीतरी नवीन आहे तिथेच हात घालते, बाकी भिस्त या सहीवर.

यायचं कसं? शिकायला हॅम्बुर्गचं एचएडब्ल्यू विद्यापीठ, डेल्फ्ट, तुलूझ ही ठिकाणं चांगली. खुद्द ईएएसएमधे नोकरीसाठी साधारणपणे युरोपियन युनियनच्या देशाचं नागरिकत्व मागतात, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर कंपन्यांकडेच बघा. पुण्यात, बेंगळुरूत युरोपियन कंपन्यांची बरीच कामं चालतात, तिथे सुरुवात करणं अजिबात कमीपणाचं नाही, आणि आपल्या डीजीसीएच्या (भारताचं विमान वाहतूक खातं) सीएआर-21 या नियमांची रचनाही पार्ट 21 सारखीच आहे. रिपोर्ट इंग्लिशमधे असतात पण हँगरमधल्या माणसांशी जर्मन बोलावं लागतं, जर्मनची बी1 पातळी तरी करून या.

महागडे कोर्स लगेच घेऊ नका. ईझी अॅक्सेस रूल्स नावाने सगळे नियम ईएएसएच्या साइटवर फुकट आहेत, सीएस-25 उतरवून घ्या आणि एकच विषय धरून कलम आणि त्याचं एएमसी, म्हणजे ते कलम कसं पाळून दाखवता येईल याचं मार्गदर्शन, दोन्ही वाचा. आणि सीव्हीत "ईएएसए नियमांची माहिती" असं मोघम लिहू नका, कुठल्या कलमावर काम केलं, कुठल्या मीन्सने दाखवलं आणि त्यातलं कुठलं डॉक्युमेंट स्वतः लिहिलं ते लिहा, आम्ही कँडिडेट निवडताना आधी तेच बघतो.