रोज एक फोटो? विषय आठवड्याचा ठरवा

रोज एक फोटो काढायचा म्हटलं की थोड्याच दिवसांत 'आज काय काढू?' याचाच कंटाळा येतो. म्हणून विषय रोज शोधू नका, रविवारीच आठवडाभराचा ठरवून टाका. एक आठवडा फक्त पुण्याची महात्मा फुले मंडई: कोथिंबिरीच्या जुड्यांवर मारलेलं पाणी, तराजूत वजन टाकणारा हात, १८८६ सालच्या त्या इमारतीचा अष्टकोनी मनोरा. पुढचा आठवडा फक्त ५० मिमी लेन्स, नाहीतर फक्त पिवळा रंग. पावसात बाहेर पडवत नसेल तर गॅलरीतल्या दोरीवरचे थेंबही चालतात. शक्यतो ऑफिसला निघण्याआधी, कोवळ्या उन्हातच काढून मोकळे व्हा. रात्री अकराला चहाच्या कपाचा फोटो म्हणजे नुसती हजेरी. आणि एखादा दिवस चुकलाच, तर दुसऱ्या दिवशी दोन काढून भरपाई करू नका. ती तारीख रिकामीच सोडा.