पुरळ उठल्यावर ट्यूब उघडण्यापूर्वी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून मी सव्वीस वर्षे काढली. त्या काळात अंगावर पुरळ घेऊन येणारी माणसे बहुधा काहीतरी लावूनच येत. कोणी लसूण घासलेली असे, कोणी चुना, कोणी टूथपेस्ट, तर कोणी शेजारणीकडची अर्धी पिळलेली ट्यूब. परिणामी मूळ पुरळ कसे होते हे डॉक्टरांना कळण्याचा मार्गच बंद झालेला असे. म्हणून पहिल्या दिवशी काहीही लावू नये. दिवसाच्या उजेडात, दाराशी किंवा पडवीत उभे राहून नीट पाहावे आणि मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवावे.

पाहताना रंगावर फार विसंबू नये. वैद्यकीय पुस्तकांतील बहुतेक चित्रे गोऱ्या कातडीची असतात आणि त्यांतील लाल रंग आपल्या सावळ्या कातडीवर तपकिरी, जांभळट किंवा काळपट दिसतो. त्यापेक्षा बोट फिरवून पाहावे: पुरळ उंचवटलेले आहे की सपाट, खरखरीत आहे की गुळगुळीत, त्यात पाणी भरले आहे की नाही. शिवाय चार प्रश्न विचारावेत. कधी उठले? घरात आणखी कोणाला खाज आहे का? नवीन औषध सुरू केले का? दोन-तीन दिवसांत हात कशाला लागला?

त्यानंतर काचेचा स्वच्छ ग्लास पुरळावर दाबून आरपार पाहावे. दाबल्यावर डाग फिका पडला तर घाई नाही. तो तसाच राहिला, तर कातडीखाली रक्त उतरलेले असते. सोबत ताप असेल, त्यातही पावसाळ्यात डेंग्यूची साथ असताना, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ओठ-जीभ सुजणे व श्वास लागणे, किंवा नवीन औषधानंतर तोंडात, डोळ्यांत व अंगावर फोड येणे, या दोन्ही वेळी घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नये आणि 108 क्रमांकावर फोन करावा.

सोपे प्रकार लवकर आटोपतात. एप्रिल-मे महिन्यांतील घामोळे घामाच्या नलिका तुंबल्याने उठते. त्यावर गार पाण्याची आंघोळ, सैल सुती कपडे व कॅलामाइन लोशन पुरते, खोबरेल तेलाने मात्र ते वाढते. पित्ताच्या गांधी एका जागी चोवीस तासांहून जास्त टिकत नाहीत. त्यांवर आमसुलाचे पाणी लावायला हरकत नाही, पण खाज घालवते ती ॲलर्जीची गोळी. पावसाळी रात्री दिव्याकडे येणारा लाल-काळा बारीक किडा मानेवर चिरडला की सकाळी चाबूक ओढल्यासारखा भाजल्याचा पट्टा उठतो. लोक त्याला 'कोळी मुतला' म्हणतात, पण त्यात कोळ्याचा काहीही दोष नाही. हा किडा चावतही नाही, त्याच्या अंगातील रस कातडी जाळतो. तो फुंकरीने उडवावा आणि चिरडलाच गेला तर जागा लगेच साबणाने धुवावी.

काजूच्या हंगामात येणारे हात वेगळेच ओळखू येतात. कच्च्या बीच्या टरफलातील तेल लागले की एक-दोन दिवसांनी बोटे काळवंडतात, सोलवटतात आणि तोच हात नकळत चेहऱ्याला लागला तर पापण्या सुजतात. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले असल्याने ज्याला काजूचे तेल बाधते त्याला आंब्याचा चीकही बाधू शकतो. ताबडतोब साबणाने धुणे आणि पुढच्या वेळी हातमोजे घालणे, एवढाच त्यावर उपाय. बी भाजताना धुरात तोंड घालून बसणाऱ्या मुलांना आधी तिथून उठवावे.

नागिणीबाबत मात्र हयगय परवडत नाही. अंगाच्या एकाच बाजूला, आधी आग आणि मग पाण्याच्या फोडांचा पट्टा, अशी तिची खूण असते. ती जुन्या कांजिण्यांचाच विषाणू पुन्हा जागा झाल्याने येते आणि विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू केल्या तरच त्यांचा पुरता उपयोग होतो. नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, या भीतीपायी मंत्र टाकणाऱ्याकडे आणि गेरू लावण्यात नेमके तेच तीन दिवस जातात.

आता गजकर्णाकडे येते, कारण इथे मी स्वतः फसले आहे.

गजकर्ण, म्हणजे नायटा, ही बुरशी आहे. तिची कडा उंचवटलेली व कोंडा धरलेली असते, मधला भाग साफ होत जातो आणि कडा बाहेर सरकत राहते. कंबर, जांघा, काख अशा घाम साचणाऱ्या जागा तिला आवडतात आणि जून ते सप्टेंबर या काळात कपडे वाळतच नसल्याने गोव्यात तिचे राज्य असते. इसबाचे चट्टेही कधीकधी गोल दिसतात, पण त्यांत मधला भाग कडेइतकाच खरखरीत किंवा ओलसर असतो. शंका राहिली तर कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो; ही तपासणी साधी आहे आणि ती मागून घ्यावी.

माझ्या कमरेवर, परकराच्या नाडीखाली, रुपयाएवढे वर्तुळ उठले ते एका पावसाळ्यात. परिचारिका असूनही मी वेळ नाही म्हणून औषधाच्या दुकानात गेले आणि दुकानदार म्हणाला, "ही लावा बाय, दोन दिवसांत जाते." दोन दिवसांत खाज खरोखरच गेली. आठव्या दिवशी ट्यूब थांबवली, बाराव्या दिवशी खाज दुपटीने परतली. पुन्हा लावली, पुन्हा गेली. चवथ येईपर्यंत ते वर्तुळ तळहाताएवढे झाले होते, त्यात आणखी एक वर्तुळ उठले होते आणि कडा इतकी पुसट झाली होती की ते गजकर्ण आहे हे मलाच पटेना. तेव्हा कुठे मी चष्मा लावून ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचली. तिच्यात बुरशीचे औषध होते, जंतूंचे होते आणि क्लोबेटासॉलही होते.

क्लोबेटासॉल हे त्वचेवर लावायच्या सर्वांत तीव्र स्टेरॉइडांपैकी एक. स्टेरॉइड दाह दाबते, म्हणून खाज थांबते; पण दाह हा शरीराचा बुरशीशी चाललेला झगडा असतो आणि तो दाबला की बुरशीला मैदान मोकळे मिळते. जांघेत असे मलम महिनोन्महिने लावणाऱ्यांची कातडी पातळ होते आणि तिच्यावर बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे पट्टे पडतात. ते पुन्हा जात नाहीत. 2018 साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइडांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, तरी ट्यूब मागताच काउंटरवर येते हे आपण सगळेच पाहतो.

म्हणून माझे मत ठाम आहे: ट्यूबवरील घटकांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एकही नाव असेल तर ती गजकर्णावर लावू नये, मग ती कोणीही दिलेली असो. शेवटी '-सोन' किंवा '-सॉल' आहे एवढ्यावर जाऊ नये, कारण क्लोट्रिमाझोल, इट्राकोनॅझोल अशी बुरशीची औषधेही कानाला तशीच लागतात. पूर्ण नाव वाचावे.

लहान, ताज्या चट्ट्यावर केवळ बुरशीचे मलम लावावे, तेही कडेच्या बाहेर दोन बोटांच्या रुंदीपर्यंत, कारण बुरशी दिसते त्यापेक्षा पुढे पोहोचलेली असते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे ते थांबवू नये. बहुतेकांचे गजकर्ण परतते ते इथेच. चट्टे अनेक असतील, आधी स्टेरॉइड लावून झाले असेल किंवा चट्टा चेहऱ्यावर अथवा डोक्यात असेल, तर मलमाच्या नादी न लागता त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जावे. भारतात पसरलेल्या एका बुरशीला 2020 साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव मिळाले, आणि तिचे बरेच प्रकार टर्बिनाफिन या बुरशीच्या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत. मग पोटातून दुसरे औषध कित्येक आठवडे घ्यावे लागते. मला सात आठवडे लागले. स्टेरॉइड सोडल्यावर पहिले काही दिवस खाज भडकते, त्या दिवसांत मागे फिरू नये.

रात्री वाढणारी खाज बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर व बेंबीभोवती असेल आणि घरात दुसरे कोणी खाजवत असेल, तर ते गजकर्ण नसून खरूज असते. डॉक्टरांनी दिलेले परमेथ्रिनचे मलम घरातील सर्वांनी एकाच रात्री, मानेपासून तळव्यापर्यंत लावावे, सकाळी धुवावे आणि आठवड्याने पुन्हा लावावे. "मला खाज नाही" म्हणणारे आजोबा सुटले, की महिन्याभरात सारे घर पुन्हा खाजवू लागते.

खाज नसलेला, बधिर झालेला फिका डाग दिसला तर लाज न बाळगता आरोग्य केंद्रात दाखवावा. कुष्ठरोगाचे औषध सरकारी केंद्रांत फुकट मिळते आणि वेळेवर घेतले तर रोग पूर्ण बरा होतो.

राहिले कपडे. गजकर्ण झालेल्याचा टॉवेल व आतले कपडे वेगळे ठेवून कढत पाण्यात धुवावेत. पावसाळ्यात पडवीतील दोरीवर तिसऱ्या दिवशीही दमट राहिलेला परकर तसाच नेसू नये. कमरपट्टी, नाडीचा नेफा आणि शिवणी उलट्या करून त्यांवर कडक इस्त्री फिरवावी. मी नेफा विसरत असे.