पाणी बदललं की अरोवाना मासा वर येऊन धापा टाकायचा – माझा अनुभव

आठ फुटी टाकी, सुमारे १६०० लिटर पाणी, त्यात दोन फुटी सिल्व्हर अरोवाना आणि रेडटेल कॅटफिश. दर रविवारी निम्मं पाणी बदललं की तासाभरात अरोवाना पृष्ठभागाशी, कल्ले भराभर हलताहेत, दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही. एअरस्टोन वाढवले, मीठ टाकलं, फिल्टर धुतला. दीड महिना जीव टांगणीला लागला होता.

शेवटी पाणी बदलण्याआधी चाचणी घेतली: पीएच ५.८, केएच (पीएच स्थिर ठेवणारी कार्बोनेट क्षारता) शून्य, माशांच्या उत्सर्गातून साठणारा अमोनिया २ पीपीएम. नळाचा पीएच ७.४. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. ताज्या पाण्याने पीएच एकदम चढला की तोच विषारी होतो. शिवाय इतक्या कमी पीएचला फिल्टरमधले अमोनिया संपवणारे जिवाणू जवळजवळ थंडावतात.

मग पहिले सात दिवस खाणं पूर्ण बंद (एवढ्या मोठ्या माशांना ते झेपतं), रोज फक्त १० टक्के पाणी, क्लोरीन काढून. अमोनिया निम्मा झाल्यावर रोज २५ ग्रॅम खाण्याचा सोडा बादलीत विरघळवून संपमध्ये (फिल्टरची जोडटाकी) थेंबथेंब सोडला. त्याने केएच दिवसाला साधारण अर्धा अंश वाढतो. आठ दिवसांनी थांबलो आणि पुढे केएच टिकावा म्हणून संपमध्ये तीन किलो पोवळ्याचा चुरा जाळीच्या पिशवीत ठेवला.

चौथ्या आठवड्यात अमोनिया शून्य. आता आठवड्यातून दोनदा २५ टक्के पाणी, आणि त्याआधी केएच तपासतोच. काल अरोवानाने हातातून कोळंबी घेतली.